उसाच्या अवशेषांपासून इंधन आणि रसायने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उसाच्या चोथ्यापासून इथेनॉल, प्लॅस्टिक, विमानाचे इंधन असे बरेच काही बनवता येते, याबद्दल आता कुणाला शंका नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: ते विकून खर्च निघतो का? साखर कारखान्यांचे संचालक, अभियंते, विद्यार्थी आणि ऊस उत्पादक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे रसायनशास्त्राची कमी आणि हिशेबाची जास्त आहेत.

उसाचा ‘कचरा’ म्हणजे नेमके काय काय?

एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते १२० किलो साखर मिळते. त्याशिवाय २७० ते २८० किलो ओला बगॅस (म्हणजे चोथा) निघतो, त्यात निम्मे पाणी असते. ४० ते ५० किलो मोलॅसिस (साखर काढून उरलेला घट्ट पाक) आणि ३० ते ४० किलो प्रेसमड (रस स्वच्छ करताना निघणारा गाळ) वेगळे. पाचट आणि वाढे शेतातच राहतात. कोरड्या वजनात ते टनामागे सुमारे १४० किलो भरतात. डिस्टिलरी जोडलेली असेल तर दर लिटर इथेनॉलमागे १० ते १५ लिटर स्पेंट वॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) येतो.

मोलॅसिसला यात धरू नये. मद्यार्क, यीस्ट आणि पशुखाद्य असे त्याचे गिऱ्हाईक फार जुने आहे आणि त्याला बाजारभाव आहे. खरी चर्चा बगॅस, पाचट, प्रेसमड आणि स्पेंट वॉश यांचीच.

बगॅस कारखान्याला फुकटच मिळतो. मग त्यापासून बनलेले इंधन स्वस्त का पडत नाही?

कारण तो फुकट नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे आणि अनेक प्रकल्प अहवाल याच पायावर उभे असतात.

बगॅसला आधीपासून काम आहे. तो बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ टर्बाइन फिरवते, आणि तीच वाफ पुढे रस आटवते. जगातले बहुतेक साखर कारखाने बाहेरचे इंधन जवळजवळ न घेता चालतात ते यामुळे. तुम्ही बगॅस बॉयलरमधून काढून दुसरीकडे वळवला, तर त्या वाफेसाठी काहीतरी जाळावे लागेल. म्हणजे बगॅसची किंमत त्याच्या जागी जे जळणार त्याच्या किमतीइतकी. कारखाना जादा वीज विकत असेल, तर त्या विजेचे बुडालेले उत्पन्न ही बगॅसची किंमत.

ओल्या बगॅसमध्ये किलोमागे सुमारे साडेसात मेगाज्यूल वापरण्याजोगी उष्णता असते. चांगल्या उच्च दाबाच्या बॉयलरवर आणि कंडेन्सिंग टर्बाइनवर एक टन ओल्या बगॅसची ४५० ते ५०० युनिट वीज होते. वीज मंडळाशी करार असेल, तर तेवढ्या युनिटांचा दर म्हणजे त्या टनाचा किमान भाव. त्याच्या खाली भाव धरणारा अहवाल बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग प्रकल्पासाठी जास्तीचा बगॅस येतो कुठून?

वाफ वाचवण्यातून. जुन्या पद्धतीचा कारखाना टनभर उसामागे ५०० किलोच्या आसपास वाफ खातो. इव्हॅपोरेटरची (रस आटवणाऱ्या भांड्यांची) मांडणी सुधारली, बाष्प पुन्हा पुन्हा वापरले आणि गिरण्यांना वाफेच्या टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी बसवल्या, की हाच आकडा ३५० किलोपर्यंत उतरतो. वाचलेली १५० किलो वाफ म्हणजे साधारण ७० किलो बगॅस. एकूण बगॅसचा चौथा हिस्सा!

याला एक इतिहास आहे. पूर्वीचे कारखाने कमी दाबाचे, उधळे बॉयलर बिनधास्त वापरत, कारण बगॅस उरला तर तो ठेवायचा कुठे हीच अडचण होती. ढीग आतून तापतो, पेट घेतो आणि त्याची धूळ छातीत बसली तर बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. जाळून संपवणे सोयीचे होते. उरलेल्या बगॅसला भाव येऊ लागला, तेव्हा ६७, ८७, ११० बार अशा उच्च दाबाचे बॉयलर आले.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. तमिळनाडू न्यूजप्रिंट या कागद कंपनीने साखर कारखान्यांकडून बगॅस घ्यायचा आणि बदल्यात त्यांना वाफ किंवा इंधन द्यायचे, अशी व्यवस्था बसवली. कागदासाठी बगॅसचा तंतू मोलाचा, कारखान्यासाठी फक्त त्याची उष्णता. ज्याला उष्णताच हवी त्याला उष्णता द्या आणि तंतू घ्या, हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडतो. बगॅसचे अर्थशास्त्र समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

एक टन बगॅसपासून किती इथेनॉल निघते?

पूर्ण कोरडा एक टन बगॅस घेऊ. त्यात समजा ४२० किलो सेल्युलोज आणि २५० किलो हेमिसेल्युलोज आहे. दोन्ही साखरेच्या रेणूंच्या साखळ्या. उरलेले बहुतांश लिग्निन (तंतू चिकटवून ठेवणारे द्रव्य, त्यापासून साखर होत नाही) आणि राख. सेल्युलोज पूर्ण फुटले तर ४६७ किलो ग्लुकोज होते आणि ते पूर्ण आंबले तर सुमारे ३०० लिटर इथेनॉल. हेमिसेल्युलोजपासून २८४ किलो झायलोज ही दुसरी साखर आणि त्यापासून आणखी १८४ लिटर. कागदावर बेरीज ४८५ लिटरांच्या आसपास.

प्रत्यक्षात साठ टक्के पदरात पडले तरी कारखाना उत्तम चालला म्हणायचा. म्हणजे २९० लिटर. नेहमीचे यीस्ट झायलोजला तोंडच लावत नाही, त्यासाठी जनुकीय बदल केलेले यीस्ट लागते. सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमचा खर्च वेगळा.

आता हे २९० लिटर विजेशेजारी ठेवा. तोच कोरडा टन ओल्या वजनात दोन टन होता, म्हणजे ९०० ते १००० युनिट वीज. याचा अर्थ, बगॅसच्या प्रत्येक लिटर इथेनॉलने आधी तीन ते साडेतीन युनिट विजेचे पैसे फेडायचे, मग एन्झाइमचे, मग भांडवलाचे, आणि त्यानंतर नफ्याची भाषा करायची. वीज जिथे महाग आहे तिथे हा अडथळा पार करणे कठीण. वीज स्वस्त असेल, किंवा सौर विजेमुळे दर पडले असतील, तिथे तोच बगॅस इथेनॉलकडे वळवण्यात अर्थ येऊ शकतो. एकाच तंत्राचे उत्तर दोन ठिकाणी वेगळे येते ते असे.

२०१४ च्या सुमारास चोथ्यापासून आणि काडापासून इथेनॉल बनवणारे एवढे मोठे कारखाने निघाले होते. त्यांचे काय झाले?

बरेचसे बंद पडले. कारणे नीट पाहावीत, कारण ती आजही लागू आहेत.

ब्राझीलच्या अलागोआस राज्यात ग्रानबायो कंपनीने २०१४ मध्ये वर्षाला ८ कोटी २० लाख लिटर क्षमतेचा कारखाना सुरू केला. दोन वर्षांत उत्पादन थांबवावे लागले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ह्यूगोटनमध्ये अबेंगोआचा कारखाना ऑक्टोबर २०१४ मध्ये उघडला आणि २०१५ संपता संपता बंद झाला. आयोवा राज्यात ड्यूपाँने वीस कोटी डॉलरहून जास्त खर्चून २०१५ मध्ये कारखाना उभारला आणि २०१७ मध्ये त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. इटलीतल्या क्रेशेंतिनोचा कारखाना मूळ कंपनी बुडाल्यावर २०१७ मध्ये थांबला. रुमानियात क्लॅरियंटने गव्हाच्या काडावर चालणारा कारखाना काढला, तोही २०२३ च्या अखेरीस बंद केला. यांतला फक्त ग्रानबायोचा उसाच्या अवशेषांवर होता, बाकीचे मक्याच्या किंवा गव्हाच्या काडावर. पण यंत्रे आणि दुखणी सारखीच.

पहिले कारण तेल. हे निर्णय झाले तेव्हा कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते. कारखान्यांची उद्घाटने होत असताना ते घसरायला लागले आणि जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली गेले.

दुसरे कारण कमी सांगितले जाते, पण मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते: माती. या प्रक्रियेच्या पहिल्या टप्प्यात चोथा २०० अंशांच्या आसपास तापलेल्या वाफेत शिजवायचा असतो. आत पंधरा बारचा दाब, बाहेर मोकळी हवा. चोथा सतत आत ढकलायचा, पण वाफ बाहेर निसटू द्यायची नाही. त्यासाठी एक निमुळता होत जाणारा स्क्रू चोथा दाबून त्याचेच घट्ट बूच तयार करतो आणि तेच बूच दाब अडवते. शेतातून यंत्राने गोळा केलेल्या गाठींत वाळू येते. वाळूने स्क्रूची कड झिजते. कड झिजली की बूच सैल, बूच सैल झाले की वाफ उलटी येते, आणि संपूर्ण लाइन थांबते. द्रव पदार्थ पंपाने ढकलणारे रासायनिक कारखाने आपण शंभर वर्षे चालवतोय, पण ओलसर, वाळूमिश्रित, दर गाडीला वेगळा येणारा तंतू ढकलायची सवय त्या उद्योगाला नव्हती. वर्षात ३३० दिवस चालेल असे धरलेले यंत्र निम्मे दिवस उभे राहिले.

निम्मे दिवस बंद राहिल्याने एवढा फरक पडतो?

पडतो, कारण इथे खर्चाचा मोठा वाटा भांडवलाचा आहे. समजा वर्षाला एक लिटर क्षमतेमागे दोन डॉलर भांडवल लागले. ड्यूपाँच्या कारखान्याचा खर्च त्याच्या क्षमतेने भागला तर असाच आकडा येतो. दहा टक्के व्याजाने वीस वर्षांत ते फेडायचे, तर वर्षाचा हप्ता साधारण साडेतेवीस सेंट. पूर्ण क्षमतेने चालला तर दर लिटरवर साडेतेवीस सेंट, निम्म्याने चालला तर ४७ सेंट. अजून चोथा, एन्झाइम, मजुरी काहीच धरलेले नाही.

हंगामाचा प्रश्न इथेच येतो. ऊस वर्षभर येत नाही, पण हप्ता वर्षभर येतो. म्हणजे बगॅस साठवावा लागतो, आणि साठवला की त्यातला काही भाग कुजून जातो.

मोठा कारखाना काढला तर लिटरमागचा खर्च कमी होणार नाही का?

यंत्रांचा होतो. रासायनिक उद्योगात ढोबळ नियम आहे: क्षमता दुप्पट केली तर खर्च दीडपट होतो. म्हणून तेलशुद्धीकरण कारखाने अवाढव्य असतात. पण चोथा हलका आणि फुगीर. जितका मोठा कारखाना, तितक्या लांबून तो आणायचा, आणि वाहतुकीचा खर्च वाढत जातो.

दहा लाख टन गाळपाच्या कारखान्याने वर सांगितल्याप्रमाणे वाफ वाचवली तर ७० हजार टन ओला, म्हणजे ३५ हजार टन कोरडा बगॅस सुटतो. त्याचे इथेनॉल एक कोटी लिटरच्या आसपास. ब्राझीलमधल्या कोस्ता पिंतो कारखान्याची दुसऱ्या पिढीच्या (म्हणजे चोथ्यापासूनच्या) इथेनॉलची क्षमता चार कोटी लिटर होती. एकट्या मध्यम कारखान्याच्या जास्तीच्या बगॅसवर असा प्रकल्प भरतच नाही. शेजारच्यांचा बगॅस किंवा शेतातले पाचट आणावेच लागते.

मग कोस्ता पिंतोचा प्रकल्प उभारणारी ब्राझीलची राईझेन कशी टिकली?

शेल आणि कोसान यांनी २०११ मध्ये उभी केलेली ही कंपनी. कॅनडाच्या आयोजेन कंपनीचे तंत्र घेऊन तिने पिरासिकाबाजवळ कोस्ता पिंतो इथे चालू साखर कारखान्याच्या आवारातच हा प्रकल्प घातला. बगॅस दारात, धुतलेला, गिरणीतून आलेला, म्हणजे माती कमी. वाफ, वीज, पाणी, डिस्टिलेशन आणि ते चालवणारी माणसे, सगळे शेजारी. सुरुवातीची काही वर्षे उत्पादन क्षमतेच्या खूप खाली राहिले, तरी बाकीचा व्यवसाय तो तोटा पेलू शकत होता. ज्यांनी मोकळ्या माळावर स्वतंत्र कारखाना उभा केला, त्यांच्याकडे ही उसंत नव्हती.

विक्रीचे गणितही वेगळे होते. युरोपीय संघाच्या अक्षय ऊर्जा निर्देशात बगॅसचे नाव प्रगत इंधनाच्या यादीत आहे, त्यामुळे त्या इथेनॉलला साध्या इथेनॉलपेक्षा जास्त भाव मिळतो. २०२२ मध्ये कंपनीने नव्या कारखान्यांच्या मालासाठी शेलशी दीर्घ मुदतीचा करार केला. गिऱ्हाईक आणि मालक एकच, हे लक्षात ठेवावे. असा खरेदीदार प्रत्येकाला मिळत नाही.

आणि तरीही हे यशाचे निर्भेळ उदाहरण म्हणून कुणी पुढे करू नये. २०२५ पर्यंत कंपनीवरचे कर्ज एवढे वाढले की तिला मालमत्ता विकायला काढाव्या लागल्या.

इंधनापेक्षा रसायने जास्त महाग विकली जातात. तिकडेच का जाऊ नये?

विचार बरोबर आहे, पण कुठले रसायन हे ठरवताना एक साधी मोजणी आधी करावी. एक किलो साखरेपासून कागदावर जास्तीत जास्त किती माल बनतो? लॅक्टिक आम्ल बनवले तर एक किलो. इथेनॉल बनवले तर ५११ ग्रॅम, बाकी कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. त्या इथेनॉलचे पुढे इथिलीन केले तर ३११ ग्रॅम.

वनस्पतीत वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. पेट्रोल, डिझेल किंवा पॉलिथिन बनवायचे म्हणजे तो सगळा ऑक्सिजन काढून टाकायचा, आणि तो जाताना वजन घेऊन जातो. तुम्ही विकत घेतलेल्या कच्च्या मालाचा दोन तृतीयांश भाग तुम्ही स्वतःच फेकता. उलट लॅक्टिक आम्ल, सक्सिनिक आम्ल, फरफ्युरल यांना ऑक्सिजन हवाच असतो. खनिज तेलाच्या उद्योगाला हेच पदार्थ बनवण्यासाठी ऑक्सिजन वरून घालावा लागतो. जिथे वनस्पतीची घडण आपल्या बाजूने आहे तिथेच तेलाशी स्पर्धा करावी.

ब्राझीलच्या ब्रास्केमने २०१० मध्ये त्रियुंफो इथे उसाच्या इथेनॉलपासून वर्षाला दोन लाख टन इथिलीन बनवणारा प्रकल्प सुरू केला आणि २०२३ मध्ये तो २ लाख ६० हजार टनांवर नेला. म्हणजे ऑक्सिजन काढूनही धंदा होतो. पण हरित प्लॅस्टिकसाठी जास्त पैसे मोजणारी गिऱ्हाइके लागतात, आणि तिथले इथेनॉल रसाचे आहे, बगॅसचे नाही.

फरफ्युरलबद्दल नेहमी ऐकतो. ते काय प्रकरण आहे?

बगॅसपासून रसायन बनवून अनेक दशके चाललेला हा दुर्मीळ धंदा आहे, म्हणून त्याचा अभ्यास करावा. अमेरिकेत क्वेकर ओट्सने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल बनवायला घेतले. डॉमिनिकन प्रजासत्ताकात ला रोमाना इथे १९५० च्या दशकापासून आणि दक्षिण आफ्रिकेत सेझेला इथेही ते बगॅसपासून निघते. त्यापासून फरफ्युरिल अल्कोहोल आणि पुढे ओतशाळांमध्ये साचे बांधायची रेझिने होतात.

हे साखर कारखान्याला का जमते ते पाहा. फरफ्युरल फक्त हेमिसेल्युलोजमधून येते. सेल्युलोज आणि लिग्निन मागे राहतात आणि ते पुन्हा बॉयलरमध्ये जातात. म्हणजे इंधन पूर्ण गमावत नाही. कोरड्या बगॅसच्या दहा टक्क्यांच्या आसपास फरफ्युरल मिळते. वाफ मात्र प्रचंड लागते, आणि आम्लामुळे यंत्रे गंजतात.

अडचण बाजाराची आहे. जगभरची मागणी काही लाख टनांचीच आणि बहुतेक पुरवठा चीनमधून, मक्याच्या बुरकुंडापासून. चीनमध्ये भाव पडला की इथलाही पडतो. दोन-तीन नवे मोठे कारखाने एकदम उभे राहिले तर भाव सगळ्यांचाच कोसळेल.

म्हणजे रसायनांचा बाजार लहान, हीच भीती?

हो, आणि ती खरी ठरलेली आहे. कॅनडातल्या सार्नियात बायोअँबरने २०१५ मध्ये सक्सिनिक आम्लाचा कारखाना उघडला. २०१८ मध्ये दिवाळखोरी. मागणी आधी अहवालात होती, बाजारात यायची होती.

अमायरिसची कथा जास्त शिकवणारी आहे. ब्राझीलमधल्या ब्रोतास इथे ही कंपनी उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून फार्नेसीन बनवत होती, डिझेलला पर्याय म्हणून. डिझेलच्या भावात ते कधीच बसले नाही. मग त्याच फार्नेसीनपासून सौंदर्यप्रसाधनांतले स्क्वालेन बनवले आणि त्याला चांगली किंमत आली. पण चेहऱ्याला लावायच्या तेलाची मागणी मोटारींच्या टाक्यांच्या मागणीपुढे किती असणार? २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इंधनाला बाजार अथांग पण भाव कमी. खास रसायनांना भाव चांगला पण बाजार पटकन भरतो. अहवालात इंधनाचे प्रमाण आणि रसायनाचा भाव एकाच तक्त्यात दिसला, तर विक्रीचा आराखडा कोणी बनवला ते विचारा.

प्रेसमड आणि स्पेंट वॉशपासून गॅस काढणे परवडते का?

सगळ्यात कमी गाजावाजा आणि बऱ्याचदा सगळ्यात भक्कम हिशेब याच मार्गाचा असतो. कारण इथे बगॅससारखी विजेशी स्पर्धा नाही. शिवाय गॅस निघताना कार्बन तेवढा जातो. पोटॅश, स्फुरद मागे राहतात आणि खत म्हणून शेताला परत देता येतात. स्पेंट वॉशची विल्हेवाट तशीही लावावीच लागते, तेव्हा तो खर्च आधीच डोक्यावर आहे. मोलॅसिसच्या एक घनमीटर स्पेंट वॉशमधून २५ ते ३५ घनमीटर बायोगॅस मिळतो.

ब्राझीलमध्ये ग्वारिबा इथे राईझेनने २०२० मध्ये स्पेंट वॉश आणि प्रेसमडवर २१ मेगावॉटचा बायोगॅस वीज प्रकल्प सुरू केला. अमेरिकेत तर उलटच घडले: २००७ च्या कायद्याने २०२२ पर्यंत वर्षाला १६ अब्ज गॅलन सेल्युलोजिक इंधनाचे उद्दिष्ट ठेवले होते, डोळ्यासमोर इथेनॉल होते. २०१४ मध्ये बायोगॅसला त्या वर्गात बसवले आणि त्यानंतर त्या वर्गातला जवळजवळ सगळा पुरवठा गॅसचाच झाला.

त्रास आहेतच. प्रेसमड साठवला की काही आठवड्यांत तापतो आणि त्यातला गॅस देणारा भाग हवेत जातो. गंधक वापरणाऱ्या कारखान्यांच्या मालात हायड्रोजन सल्फाइड जास्त येतो, त्याची स्वच्छता महाग. आणि हंगाम संपल्यावर डायजेस्टरमधल्या (गॅस बनवणाऱ्या टाकीतल्या) जिवाणूंना उपाशी ठेवता येत नाही.

पाचट तर नुसते जाळून टाकतात. ते का वापरू नये?

वापरावे, पण सगळे नाही. निम्म्याच्या आसपास पाचट शेतात राहू द्यावे. ते ओल धरते, तण दाबते, सेंद्रिय कर्ब टिकवते. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने २००२ च्या कायद्याने ऊस पेटवून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा एकाएकी एवढे पाचट हाताशी आले. ते आणायचे दोन मार्ग. सुकल्यावर गाठी बांधायच्या, तर माती येते. उसाबरोबरच आणायचे, तर गाडीत ऊस कमी बसतो आणि गिरणीत रस ओढला जातो. बॉयलरमध्ये पाचटाची राख, पोटॅश आणि क्लोरीन नळ्यांवर बसतात. बगॅसच्या जागी ते सरसकट धरून चालत नाही.

विमानाच्या इंधनामुळे गणित बदलेल का?

बदलू शकते, कारण इथे मागणी कायद्याने ठरवली जाते. युरोपीय संघाने विमान इंधनात शाश्वत इंधनाचा वाटा २०२५ पासून २ टक्के, २०३० मध्ये ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के बंधनकारक केला आहे, आणि त्यात अन्नपिकांचे इंधन चालत नाही. बगॅस चालतो.

पण वरची ऑक्सिजनची मोजणी इथेही पाठ सोडत नाही. एक लिटर विमान इंधनाला सुमारे पावणेदोन लिटर इथेनॉल लागते. म्हणजे कोरड्या टनामागे २९० लिटरचे १६० ते १७० लिटर उरतात. तेवढ्यावर सगळा खर्च चढवून बघा.

सरकारी आधाराशिवाय हा धंदा उभा राहू शकतो का?

वीज आणि गॅस काही ठिकाणी राहतो. बगॅसचे इथेनॉल आजवर कुठेही सक्तीचे मिश्रण, प्रमाणपत्र किंवा अनुदान यांच्याशिवाय मोठ्या प्रमाणावर उभे राहिलेले नाही. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. खनिज इंधनाने केलेल्या प्रदूषणाची किंमत पंपावर वसूल होत नाही, तोवर आधार न्याय्यच आहे. पण वीस वर्षांचा हप्ता आणि पाच वर्षांचे धोरण यांची गाठ बांधताना डोळे उघडे हवेत. ब्राझीलने १९७५ मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, १९८६ मध्ये तेल कोसळले, आणि १९८९ मध्ये लोकांच्या इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या पंपावर रिकाम्या उभ्या राहिल्या.

ऊस उत्पादकाला यातून काय मिळते?

करारात लिहिले असेल तेवढेच. उसाचा भाव बहुतेक ठिकाणी साखर आणि इथेनॉलवर ठरतो. बगॅसची वीज किंवा कार्बनची प्रमाणपत्रे त्यात आपोआप येत नाहीत. मॉरिशसमध्ये बगॅसच्या विजेपोटी उत्पादकांना पैसे देण्यासाठी स्वतंत्र निधी आहे. ब्राझीलमध्ये कार्बन प्रमाणपत्रांतला वाटा उत्पादकांना देणे २०२४ च्या अखेरीस कायद्याने बंधनकारक केले. दोन्हीकडे हे मागून, भांडून मिळाले आहे. प्रकल्प उभा राहण्याआधी हा मुद्दा टेबलावर यायला हवा. नंतर तो आणणे फार अवघड जाते.

आमच्यापुढे एक प्रकल्प अहवाल आला आहे. आधी काय तपासावे?

बगॅसचा भाव शून्य धरला आहे का, ते पहिल्या पानापासून शोधा. मग पहिल्या वर्षी क्षमतेच्या किती टक्के उत्पादन धरले आहे ते पाहा. ९० टक्के धरले असेल, तर कर्जाचे तक्ते ५० टक्क्यांवर पुन्हा मांडायला सांगा, दुसऱ्या वर्षीही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०११ मध्ये मक्याच्या काडापासूनच्या इथेनॉलसाठी गॅलनला २.१५ डॉलर असा आकडा काढला होता आणि तो अनेक अहवालांत उद्धृत होतो. पण तो आकडा तंत्र पुरते रुळल्यानंतरच्या कारखान्यासाठी आहे, पहिल्या कारखान्यासाठी नाही, हे त्या अभ्यासातच स्पष्ट लिहिले आहे.

तंत्र पुरवणाऱ्याला विचारा की त्याचे यंत्र सलग किती तास, कुठल्या चोथ्यावर चालले आहे. गव्हाच्या काडावरची चाचणी बगॅससाठी धरू नका. तुमच्याच कारखान्यातला बगॅस, हंगामाच्या सुरुवातीचा, मधला आणि पावसानंतर चिखलात तोडलेल्या उसाचा, असे तिन्ही नमुने पाठवा आणि राखेचे प्रमाण लेखी मागवा. खरेदीदाराचे पत्र ‘इच्छा आहे’ असे म्हणते की भाव, मुदत आणि दंड यांच्यासकट करार आहे, हे वकिलाकडून वाचून घ्या. आणि वाफेचा ताळेबंद आधी पक्का करा: तो बसवायला प्रकल्प लागत नाही, त्यातून सुटलेला बगॅस उद्या कुठल्याही कामाला येतो, आणि काहीच काम निघाले नाही तर त्याची वीज होते.